घंसौर येण्याआधी लिहायचा कागद

छोट्या लाइनीनं जबलपूरहून गोंदियाला जायला किती वेळ लागायचा, असं नातवंडं विचारतात. मी सांगते, दोन डबे दशम्या. त्यांना वाटतं आजी थट्टा करते आहे. पण आम्ही तो प्रवास खरंच असाच मोजत होतो. एक डबा नैनपूरपर्यंत संपायचा, दुसरा त्यापुढे, आणि दोन्ही संपून वर भूक लागली की समजायचं, गाडी उशिरा आहे.

ही छोटी लाइन म्हणजे अडीच फुटांचे रूळ आणि त्यांवर चालणारे, कोणी तरी मोठी गाडी धुऊन आटवल्यासारखे डबे. लाकडी बाकं समोरासमोर. मधे जागा इतकी कमी की समोरच्या माणसाचे गुडघे आपल्या गुडघ्यांना लागणार, हे तिकिटातच आलं. गाडी डोलायची, पण पाळण्यासारखी नाही. सुपात तांदूळ पाखडतात ना, तसं ती आम्हाला पाखडायची. खिडकीतून डोकं बाहेर काढलं की इंजिनातल्या कोळशाची कणी डोळ्यात. न काढलं तर आतल्या विड्यांचा धूर. मी दर वेळी डोकं बाहेर काढायची आणि दर वेळी डोळा चोळत परत यायची. सासूबाई म्हणायच्या, "किती वेळा पाहशील? तेच तर जंगल आहे."

मला मात्र ते तेच वाटत नसे. एकोणीस वर्षांची होते, लग्नाला दोन वर्षं झाली होती, आणि जगातली प्रत्येक झाकलेली गोष्ट उघडून पाहण्याचा मला रोग होता. त्या मुलीला आज भेटले तर मी तिच्याशेजारची जागा घेणार नाही. फार बोलायची, आणि आपण फार हुशार आहोत असं तिला वाटायचं.

मी सांगते आहे ती गोष्ट पासष्टच्या लढाईच्या सालातली. लढाई थांबली होती, पण कारखाना थांबला नव्हता. जबलपुरात चेरीतालच्या आमच्या घराच्या खिडक्यांना लावलेला काळा कागद अजून तसाच होता. आमचे हे कारखान्यात. कोणता कारखाना, हे आमच्या घरात कोणी म्हणत नसे. कारखाना म्हटलं की पुरे. तिथे काय बनतं, हे मी लग्नाच्या पहिल्या आठवड्यात विचारलं. हे म्हणाले, "माल." कसला माल? "सरकारी." मग मी यांच्या शर्टाचा वास घेऊन पाहू लागले. कधी तेलाचा यायचा, कधी जळक्या रबराचा. एकदा बाहीवर पिवळा डाग दिसला, तर मी दोन दिवस त्यावर विचार केला. "तोफ करता का?" असं सरळ विचारलं तेव्हा हे म्हणाले, "आज भाजी कशाची आहे?" भिंत दिसायची, फाटक दिसायचं, सकाळी हजारो सायकली आत जायच्या आणि संध्याकाळी बाहेर यायच्या. मधे काय होतं ते कळत नव्हतं.

म्हणून त्या वर्षी कारखान्याच्या कचेरीत बायकांना कारकून म्हणून घेऊन राहिले आहेत असं कानावर आलं, तेव्हा मी अर्ज केला. सगळ्यांना सांगितलं, देशासाठी. आमचे हे खूष झाले. खरं कारण हे होतं की मला भिंतीच्या आत जाऊन पाहायचं होतं. हे मी आज पहिल्यांदा लिहिते आहे.

सासूबाई मात्र "पाहू" एवढंच म्हणाल्या. त्यांचं "पाहू" फार अवघड होतं. त्यातून होकारही निघायचा, नकारही, आणि कधी कधी सहा महिने काहीच निघायचं नाही.

बोलावण्याचं पत्र आलं. सोमवारी सकाळी दहा वाजता फाटकावर हजर राहायचं, मॅट्रिकचं मूळ सर्टिफिकेट सोबत आणायचं, त्याशिवाय आत घेतलं जाणार नाही. सर्टिफिकेट माझ्या माहेरी, गोंदियाला. यांची रजा बंद. एकटी सून छोट्या लाइनीनं जाणार, हे आमच्या घरात कोणाच्या डोक्यातही येणं शक्य नव्हतं, म्हणून सासूबाई निघाल्या. शनिवारी गेलो, रविवारी सकाळी परत निघालो. वडिलांनी ते सर्टिफिकेट पत्र्याच्या नळीत गुंडाळून ठेवलं होतं. ते म्हणाले, "पाहून घे एकदा." मी म्हणाले, "माझंच तर आहे, त्यात काय पाहायचं?" आणि नळी पिशवीत टाकली.

परतीच्या गाडीत आमच्या समोर एक गृहस्थ बसले होते. पन्नाशीचे, पोट सुटलेले, कानांवर केसांचे झुबके. बाकाखाली त्यांची लोखंडी ट्रंक होती आणि गाडी डोलली की तिच्यात काही तरी खणखणायचं. ते आमच्याशी एकच वाक्य बोलले होते, तेही हिंदीत: "माताजी, पैर उधर कर लीजिए." त्यानंतर गप्प. हातात एक छोटी वही. ते खिडकीबाहेर बघायचे, मधेच वहीत काही लिहायचे, परत बाहेर बघायचे.

आता इथे एक सांगायला पाहिजे. जबलपुरात आमची मराठी म्हणजे पडदा. बाहेर सगळी हिंदी. दुकानात कपडेवाला समोर उभा असताना आम्ही खुशाल म्हणायचो, "रंग जाईल याचा, उठा," आणि तो हसत हसत पुढचं थान उलगडायचा. मराठी बोललं की आपण दिसेनासे होतो अशी माझी समजूत झाली होती. पण ही गाडी गोंदियाहून निघाली होती. तिकडे भाजीवाल्यापासून तहसीलदारापर्यंत मराठी कळते, मी स्वतः तिथे जन्मले होते. दोन वर्षं जबलपुरात राहून एवढंही मी विसरले. आणि सासूबाई तर जन्मभर जबलपूरच्याच, त्यांना आठवायचा प्रश्नच नव्हता.

बालाघाट गेल्यावर मी चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाले, "आई, हा माणूस पाहा. मघापासून काही तरी लिहून राहिला आहे."

सासूबाईंनी न लाजता पाहिलं. "हिशेब असेल घरचा."

"नाही. बाहेर पाहतो आणि लिहितो. पूल आला की पाहतो. मला तर हेर वाटतो."

"हेराचं एवढं पोट असते काय? पळेल कसा?"

"मुद्दाम वाढवलं असेल. कोणाला संशय येऊ नये म्हणून."

"आणि कानावरचे केस?"

"ते पण."

गृहस्थांनी वहीचं पान उलटलं. मी वाकून वाचायचा प्रयत्न केला. अक्षर बारीक. दोनच शब्द दिसले: "डावा मागचा." मी सासूबाईंना सांगितलं, "काही तरी खुणेची भाषा आहे. डावा मागचा, असं लिहिलंय." हे शब्द मराठीत लिहिलेले आहेत, हे माझ्या लक्षात आलं नाही. आता तुम्हीच सांगा, अशा मुलीला कारखान्यात घ्यायचं?

नैनपूरला गाडी पुष्कळ वेळ उभी राहायची. इंजिन पाणी प्यायचं. सासूबाई प्रवासात कोणाच्या हातचं पाणी घेत नसत. घरचा तांब्या, वर पेला पालथा, त्यातला थेंब त्यांनी मलाही मागितल्याशिवाय दिला नसता. दशम्याही दुधात भिजवलेल्या, कारण पाण्यात भिजवल्या की प्रवासात चालत नाहीत. पण चहाची तलफ जबर. त्यावर त्यांनी स्वतःच निकाल देऊन ठेवला होता: इंजिनातलं उकळतं पाणी चालतं, ते अग्नीनं शुद्ध झालेलं असतं. त्यामुळे मी किटली घेऊन इंजिनाकडे जायची आणि ड्रायव्हर नळी सोडून फुसफुसत्या वाफेतून पाणी भरून द्यायचा. त्या चहाला लोखंडाची चव यायची. सासूबाई डोळे मिटून प्यायच्या.

गाडी नैनपूरहून हलली तेव्हा दुपार झाली होती. चहा पोटात गेल्यामुळे सासूबाईंचा स्वभाव सैल झाला होता. त्या म्हणाल्या, "काढ पाहू तो कागद. एवढे दोन दिवस पाठीचा भुगा केला ज्याच्यापायी, तो पाहू तर दे."

मी नळीतून सर्टिफिकेट काढलं, मांडीवर सरळ केलं आणि ऐटीत वाचायला लागले. विभाग दुसरा. विषय इतके. आणि वर नाव.

सासूबाई म्हणाल्या, "ही कोण?"

मी म्हणाले, "मी."

"बोलावण्याच्या पत्रात काय आहे?"

मी ते पत्र काढलं. दोन्ही कागद शेजारी धरले. एकावर माझं माहेरचं नाव, वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव. दुसऱ्यावर सासरचं नाव, यांचं नाव, सासरचं आडनाव. आमच्याकडे लग्नाच्या दिवशी ताटात तांदूळ पसरून अंगठीनं सुनेचं नवं नाव लिहितात आणि पेढे वाटतात. जुनं नाव त्याच दिवशी संपतं. पेढे खाताना कोणाला सुचतं की सरकारी कागदावर ते संपलेलं नाही? तीन शब्दांतला एकही शब्द जुळत नव्हता. त्या दिवसांत, त्या फाटकावर, एकीच्या पत्रावर दुसरीचं सर्टिफिकेट घेऊन गेले असते तर मलाच हेर म्हणून बसवलं असतं. वडिलांच्या नावाचं एक अक्षर जुळलं नाही म्हणून आमच्या गल्लीतल्या एकाला गेल्या महिन्यातच परत पाठवलं होतं. पत्राच्या खाली लिहिलं होतं, काही फरक असल्यास गॅझेटेड अधिकाऱ्याच्या सही-शिक्क्याचा कागद जोडावा.

आज रविवार. जबलपूरला पोचायला संध्याकाळ होणार. उद्या सकाळी दहा.

मी रडले नाही. तेवढी अक्कल होती. सासूबाईंनाच विचारलं, "आई, आता गॅझेटेड ऑफिसर कुठून आणू?"

समोरून स्वच्छ मराठीत आवाज आला, "पोट सुटलेला चालत असेल, तर मी आहे."

असं ऐकल्यावर माणसानं कुठे पाहायचं असतं, ते मला अजून कळलेलं नाही. मी त्यांच्या बुटांकडे पाहिलं. सासूबाईंनी पदर सारखा केला आणि जसं काही झालंच नाही तसं विचारलं, "तुम्ही मराठी आहात काय जी?"

"भंडाऱ्याचा. शिक्षण नागपूरला."

"मग सांगितलं काहून नाही?"

"आई, माझ्याबद्दल इतकी माहिती मिळून राहिली होती. मधे बोललो असतो तर थांबली असती."

ते सरकारी गुरांचे डॉक्टर होते. घंसौरला सोमवारचा बैलबाजार, तिथे जनावरं तपासून दाखले द्यायला निघाले होते. ट्रंकेत खणखणत होती ती त्यांची अवजारं. आणि वही? मला राहवलं नाही, तशा अवस्थेतही मी विचारलंच. त्यांनी वही माझ्यापुढे धरली. गाडी इतकी हळू चालते की खिडकीतून गुरं तपासता येतात, असं ते म्हणाले. कोणत्या गावाजवळ कोणतं जनावर लंगडतं, कोणत्या पायानं, कोणाच्या तोंडाला लाळ आहे, ते उतरवून ठेवायचे आणि परतताना त्या गावांत उतरायचे. "डावा मागचा" ही लामटा स्टेशनाच्या अलीकडची एक म्हैस होती. मी त्या वहीची चार पानं वाचली. एरवी मी नैनपूरच्या अलीकडे झाडंच पाहिली होती. तिथे इतकी लंगडणारी गुरं होती हे मला दिसलंही नव्हतं.

"डॉक्टरसाहेब, लिहून द्याल ना?" मी म्हणाले.

"काय लिहू? या बाईंना मी ओळखतो? पाच तास झाले ओळखून, त्यातले तीन तास तुम्ही मला पकडून द्यायच्या बेतात होतात." ते हसले नाहीत. "खोटं लिहिणार नाही मी. पण ज्यांनी नाव बदललं त्यांनी लिहून दिलं, की नाव आम्ही बदललं, ही तीच मुलगी, तर त्यांनी माझ्यासमोर सही केली एवढं मी लिहीन आणि शिक्का मारीन. कोणी बदललं नाव?"

मी सासूबाईंकडे पाहिलं. नाव त्यांनीच ठेवलं होतं. आता त्या "पाहू" म्हणाल्या असत्या तर तिथेच सगळं संपलं असतं. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं, मग सर्टिफिकेटकडे पाहिलं, त्यावरच्या त्या नावावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "कागद आणा."

गुरांच्या वहीतलं पान फाडलं. डॉक्टरांनी टाक नाही, शाईचा पेन दिला. ते म्हणाले, "नाव काय होतं, काय ठेवलं, काहून ठेवलं, सगळं लिहा. घंसौरला मी उतरेन, त्याआधी झालं पाहिजे."

सासूबाई चौथीपर्यंत शिकलेल्या. अक्षर सुंदर, पण एकेक अक्षर रांगोळी काढल्यासारखं सावकाश. आणि ही गाडी. पहिल्या शब्दावरच असा धक्का बसला की पेन कागदावरून घसरून माझ्या साडीवर गेला. त्यांनी दुसरं पान मागितलं. डॉक्टर म्हणाले, "आई, चालत्या गाडीत जमणार नाही. थांबली की लिहा."

मग तेच ठरलं. पिंडरईला गाडी थांबली, दोन ओळी झाल्या. त्यापुढे एका नुसत्या फलाटावर थांबली, तिथे एक ओळ, कारण एक शब्द कसा लिहायचा यावर त्यांचा आणि डॉक्टरांचा वाद झाला आणि त्या जिंकल्या. चढावर इंजिन धापा टाकत माणसाच्या चालीनं चाललं, तेव्हा सासूबाईंना अर्धी ओळ साधली. मधे रुळांवर गाई बसल्या होत्या, ड्रायव्हर शिट्ट्या मारत राहिला. डब्यातल्या सगळ्यांना एव्हाना गोष्ट समजली होती. गाडी थांबली की लोक बोलायचे बंद व्हायचे, सुरू झाली की पुन्हा बोलायचे. एका म्हातारबुवांनी तर दारातून ओरडून सांगितलं, "भैया, ज़रा और बैठने दो गायों को."

मला तो कागद उलटा दिसत होता. उलटं वाचण्यात मी तरबेज होते, यांची पाकिटं अशीच वाचायची. पहिल्या ओळीत माझं माहेरचं नाव. दुसरीत सासरचं. तिसरीत, हे नाव मी स्वतः निवडले. मग चौथी सुरू झाली: कारण की.

काहून बदललं, हे मी दोन वर्षं विचारलं नव्हतं. मला ते जुनं नाव आवडायचं. मनात धरून बसले होते की सासूबाईंना ते गावठी वाटलं असणार.

त्यांनी लिहिलं, कारण की लग्नापूर्वी माझेही हेच नाव होते.

गाडी चालू झाली. त्यांनी पेन वर धरला.  घरात त्यांना आई म्हणायचे, बाहेर त्यांचं सासरचं नाव. त्याच्या आधी त्या कोण होत्या, हे विचारायचं मला, शर्टांचे वास घेणारीला, एकदाही सुचलं नव्हतं.

"आई, मला सांगितलं नाही कधी."

"काय सांगायचं? चाळीस वर्षं झाली, त्या नावानं मला कोणी हाक मारली नाही. तू आली. घरात दिवसभर कोणी तरी तुला हाकारणार, आणि मीच 'ओ' देऊन बसले असते. लोक हसले असते." मग मांडीवरचा कागद सरळ करत म्हणाल्या, "हसले नसते तरी मला जमलं नसतं."

डॉक्टर खिडकीबाहेर गुरं शोधत होते. तिथे एकही नव्हतं.

घंसौर आलं तेव्हा सही राहिली होती. डॉक्टर खाली उतरले, त्यांचा चपराशी ट्रंक उचलायला आला होता, त्याला त्यांनी ती फलाटावरच उघडायला लावली. चिमटे, सुया, दोरखंड बाहेर आले, तळाशी शिक्का. शाईची गादी वाळून खडखडीत. सासूबाईंनी खिडकीतून तांब्या वाकडा केला आणि गादीवर पाणी सोडलं. मग खिडकीच्या लाकडावर कागद ठेवून सही करायला बसल्या. गार्ड हिरवी झेंडी बगलेत धरून उभा.

"माताजी, पोथी लिख रही हैं क्या?"

"दस्तखत कर रही हूँ. गाड़ी तुम्हारी कौन-सी टाइम पर है?"

गार्डनं झेंडी दुसऱ्या बगलेत धरली. त्यांनी सही केली. डॉक्टरांनी ट्रंकेच्या झाकणावर कागद ठेवून खाली चार ओळी लिहिल्या, सही केली, शिक्का मारला आणि ओला कागद फुंकर घालत माझ्या हातात दिला. मी त्यांची माफी मागायला तोंड उघडलं, तर ते म्हणाले, "बाई, तुमची नजर चांगली आहे. फक्त आधी बघत जा, मग बोला." गाडी सुटली.

दुसऱ्या दिवशी दहाच्या आधी मी फाटकावर होते. सासूबाई सोबत आल्या, त्यांना आत सोडलं नाही, त्या बाहेर झाडाखाली बसल्या. आतल्या बाबूंनी चष्मा वर करून कागद पाहिला.

"ये तो मवेशी डॉक्टर की मुहर है."

"जी."

"और लिखा किसने है?"

"मेरी सास ने."

"पढ़िए."

मी ओळीनं वाचलं आणि हिंदीत सांगितलं. चौथी ओळसुद्धा. बाबूंनी शिक्का उजेडाकडे धरून पाहिला, तो कायद्यानं बरोबर होता. मग त्यांनी कागद माझ्या सर्टिफिकेटला टाचला आणि रजिस्टर उघडलं. "नाम सर्टिफिकेट वाला ही चढ़ेगा. कायदा यही है. कोई एतराज़?"

मी म्हणाले, "नाही," आणि मग हिंदीत, "जी नहीं."

अशी मी भिंतीच्या आत गेले. मला बसवलं रजेच्या अर्जांच्या खोलीत. तिची एकुलती एक खिडकी त्याच भिंतीकडे उघडायची, फक्त आता ती आतून दिसायची. निवृत्त होईपर्यंत मी तिथे अर्ज लावत बसले आणि आमचे हे काय बनवतात ते मला कळलं नाही. पण कोणाची आजी किती वेळा मेली, हे मात्र मी पक्कं सांगू शकत असे.

आठ दिवसांनी फोटो लावलेला पास मिळाला. तो घेऊन घरी आले तेव्हा सासूबाई अंगणात मिरच्या वाळत घालत होत्या. म्हणाल्या, "दाखव." हात पदराला पुसले, पास उन्हाकडे धरला आणि वरचं नाव अक्षर अक्षर लावून मोठ्यानं वाचलं. मग पुन्हा एकदा वाचलं, या वेळी हळू.

"फोटोत कुंकू दिसत नाही," त्या म्हणाल्या, आणि पास परत देऊन मिरच्या पसरू लागल्या.